नकाशाबरहुकूम

१

सकाळी साडेआठला संग्रहालयप्रमुखांचा फोन आला, तेव्हा मी स्वयंपाकघरातला गळका नळ पिळत उभी होते आणि आधीच वैतागलेली होते.

"बाई, घात झाला," ते म्हणाले. "जहाजाच्या डोलकाठ्या चोरीला गेल्या."

"कुठल्या जहाजाच्या?"

"मिस्त्रींच्या मॉडेलच्या हो. तिन्हीच्या तिन्ही. आणि परवा नव्या दालनाचं उद्घाटन आहे."

मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. त्याआधी चौतीस वर्षं मी जहाजांची पाहणी केली. कुठलं जहाज समुद्रात जायच्या लायकीचं आहे, आणि बुडालं तर का बुडालं, हे शोधून लिहून द्यायचं. लोक मला तोंडावर सर्व्हेअरबाई म्हणतात आणि पाठीमागे तापटबाई. संग्रहालयाच्या समितीवर मला घेतलं ते पहिल्या नावामुळे, आणि बैठकांना बोलवायचं विसरतात ते दुसऱ्यामुळे.

मिस्त्रींचं घर जहाजकारखान्याच्या मागच्या गल्लीत आहे. बैठी रांग, प्रत्येक दाराशी दोन पायऱ्या. त्यांच्या दाराशी टोमॅटोच्या तीन कुंड्या होत्या, रोपांना नवा आधार दिलेला. प्रमुख त्या कुंड्यांपाशीच रुमालाने मान पुसत उभे होते.

"आत जा तुम्हीच," ते म्हणाले. "माझ्याशी ते नीट बोलत नाहीत."

आतून मिस्त्रींचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. बाहत्तर वर्षांचा माणूस, पण छाती अजून सुताराची. "दुसरं कोण असणार? तोच. आयुष्यात एक जहाज बुडवलं, आता दुसरं."

त्यांची बायको, जिला सगळे वहिनी म्हणतात, दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

कामाच्या खोलीत खिडकीखाली लांब टेबल होतं आणि त्यावर जहाज. सहा वर्षं मिस्त्री त्यावर खपले होते. पाव इंचाला एक फूट या मापाचं. फळ्या वाफेवर वाकवून, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी धरून, एकेक चिकटवलेली. दोन फळ्यांमधली फट दिसावी म्हणून प्रत्येकीच्या कडेला पेन्सिल फिरवलेली. नांगराची साखळी पितळी तारेची, आणि तिच्या कड्या खरोखर एकमेकींत अडकवलेल्या. मी आयुष्यभर खरी जहाजं पाहिली, पण इतक्या काळजीने बांधलेलं फार थोडं पाहिलं.

आणि त्या सुंदर डेकवर तीन चौकोनी भोकं होती. डोलकाठ्या जिथे बसतात ती.

"रात्री चादर घातलेली होती," मिस्त्री म्हणाले. "सकाळी काढली, तर हे."

मी भिंग काढलं. डोलकाठ्या मोडून नेल्या असत्या तर खाचेत लाकडाचे तुकडे राहिले असते. खाचा स्वच्छ होत्या. "डिंक लावला नव्हता?"

"डोलकाठीला डिंक कशाला? खऱ्या जहाजातसुद्धा ती दोरांच्या ताणावरच उभी असते."

मग मी दोर पाहिले, आणि खुर्ची ओढून बसलेच. काठाच्या खुंट्यांवर मेण लावलेला काळा दोरा गुंडाळून ठेवला होता, प्रत्येक खुंटीवर त्याची त्याची गुंडाळी. एकही दोर कापलेला नव्हता. दोनशेच्या वर बारीक गाठी होत्या त्या जहाजात, आणि चोराने त्या एकेक करून बोटांनी सोडवल्या होत्या.

२

"किती वेळ लागेल या गाठी सोडवायला?" मी विचारलं.

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. जहाजाचं दोरकाम सगळं वहिनीने केलं होतं, शिडंही तिनेच शिवली होती. मिस्त्रींची बोटं जाड, त्यांच्याने ते झालं नसतं.

"बांधायला मला आठ महिने लागले," वहिनी म्हणाली. "सोडवायला, चांगला चिमटा असला तर, चार-पाच तास."

म्हणजे उचलेगिरी नव्हती. कोणीतरी चार-पाच तास या खुर्चीवर बसलं होतं.

मी प्रत्येकाला कालचा दिवस विचारला. मिस्त्री सकाळी नऊला काचवाल्याकडे गेले ते संध्याकाळी सहाला परतले. काचेची पेटी बनत होती, आणि मापाच्या बाबतीत त्यांचा कोणावर विश्वास नाही. वहिनी म्हणाली, ती दिवसभर भावाकडे होती, पाचला आली. साडेपाचला कारखान्याचे मालक फुलांचा गुच्छ घेऊन आले. ती चहा टाकायला गेली तेव्हा ते या खोलीत एकटे होते.

"किती वेळ?"

"दहा मिनिटं."

"दहा मिनिटांत काय होतंय," मिस्त्री म्हणाले. "मी सांगतो ना, तुझ्या भावाचं काम. घराची किल्ली त्याच्याकडेही आहे."

वहिनीने मान वर केली. "त्याचं नाव घेऊ नका," ती म्हणाली, सपाट आवाजात.

बाहेर आल्यावर प्रमुखांनी मला बाजूला घेतलं. "माझं ऐका. मालकच. वहिनींचा भाऊ कोण हे सगळ्या गावाला माहीत आहे. लोक कुजबुजत होते की मिस्त्री मॉडेलमध्ये काहीतरी दाखवणार म्हणून. मालक घाबरले असणार. आता मी काय करू? काल दुपारी बाराला ह्यांच्या घरच्या फोनवर वहिनींना विचारलं, गाडी किती वाजता पाठवू, त्या म्हणाल्या सकाळी दहाला. गाडी येऊन उभी राहील आता."

"परत पाठवा," मी म्हटलं.

लोक काय कुजबुजत होते ते सांगायला हवं. एकतीस वर्षांपूर्वी हे जहाज खरं होतं. शिकाऊ खलाशांचं, तीन डोलकाठ्यांचं. इथल्याच कारखान्यात त्याची मोठी दुरुस्ती झाली, आणि दुरुस्तीनंतरच्या पहिल्याच सफरीत, बंदरापासून चार तासांवर, वाऱ्याच्या एका झोताने ते आडवं झालं. कप्तान आणि अकरा शिकाऊ पोरं बुडाली. वाचला एकटा, सुकाणूवर असलेला चोवीस वर्षांचा तरुण. वहिनीचा धाकटा भाऊ. चौकशी समितीने निकाल दिला की जहाजात दोष नव्हता. सुकाणूवाल्याने जहाज वेळेत वाऱ्याकडे वळवलं नाही. तेव्हापासून गावाने त्याला 'बुडव्या' हे नाव दिलं, आणि ते इतकं चिकटलं की त्याचं खरं नाव आता कोणाला आठवत नसेल.

समितीत तिघं होते. अहवालावर शेवटची सही सर्वांत तरुण सभासदाची होती.

ती माझी.

३

मालकांनी मला वीस मिनिटं बाहेर बसवलं. मी आणखी पाच मिनिटं थांबले आणि दार ढकलून आत गेले.

पन्नाशीचा गुळगुळीत माणूस. जहाज बुडालं तेव्हा कारखाना त्याच्या वडिलांकडे होता आणि हा शिकत होता. नव्या दालनाला वडिलांचं नाव द्यायचं ठरलं होतं. मॉडेल त्याच दालनात, मधोमध ठेवायचं होतं.

"चोरीचा आळ घ्यायला आलात?" तो म्हणाला.

"काल तुम्ही त्या खोलीत होतात. चादर उचलून पाहिलंत का?"

"नाही. चादर होती, म्हटलं पाहू उद्घाटनालाच." तो हसला. "बाई, तुम्ही गावगप्पांवर जाऊ नका. मी ते मॉडेल मोडीन कशाला? वडिलांची आठवण म्हणून ते उभं राहणार होतं. गावात लोक काय वाट्टेल ते बोलतात, एकदाचं सगळ्यांसमोर दिसू दे म्हटलं, जहाज कसं होतं ते. म्हणून तर मी दाखला मागून घेतला."

"कसला दाखला?"

त्याने टेबलावरची फाईल माझ्याकडे सरकवली. संग्रहालयप्रमुखांच्या सहीचा कागद होता. मॉडेल कारखान्याच्या मूळ नकाशाशी ताडून पाहिलं, लांबी, रुंदी, डोलकाठ्यांची उंची, सर्व नकाशाबरहुकूम आहे. तारीख मागच्याच आठवड्याची.

"डोलकाठ्यांची उंची मुद्दाम लिहून घेतलीत?" मी विचारलं.

"अं? सगळंच लिहून घेतलं."

"सगळं नाही. शिडांचं क्षेत्रफळ नाही, वजन नाही, सुकाणूचं माप नाही. तीनच गोष्टी आहेत आणि तिसरी डोलकाठ्यांची उंची. ती का?"

तो पहिल्यांदाच जरा हलला. पाण्याचा पेला उचलला, ठेवला. "वडिलांनी सांगून ठेवलं होतं," तो शेवटी म्हणाला. "कधी कोणी त्या जहाजाचं काही काढलं, तर डोलकाठ्या नकाशाप्रमाणे होत्या एवढंच म्हणायचं. का ते मी विचारलं नाही."

"विचारायला हवं होतं."

"तुम्ही विचारलंत?" तो म्हणाला. "चौकशीला तुम्ही होतात ना?"

मी जिना उतरून खाली आले तेव्हा माझे कान तापले होते. रागाचं एक बरं असतं, डोकं भराभर चालतं. गाव म्हणत होतं की मॉडेलमध्ये खरं दिसणार होतं म्हणून मालकाने ते बिघडवलं. पण मॉडेल मालकाच्याच मनासारखं झालं होतं. त्याने त्यावर शिक्काही मारून घेतला होता. त्या डोलकाठ्या नाहीशा होण्यात त्याचं नुकसान होतं. मग जिला किंवा ज्याला त्या तशा उभ्या राहिलेल्या बघवल्या नाहीत, ते माणूस वेगळंच होतं.

आणि नकाशात नव्हतं असं त्या जहाजाच्या डोलकाठ्यांत काय होतं, हे सांगू शकेल असा जिवंत माणूस मला एकच माहीत होता. त्याच्यासमोर जायचं मी एकतीस वर्षं टाळलं होतं.

४

वहिनीचा भाऊ बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. त्या घटनेनंतर त्याला कुठल्याच जहाजाने घेतलं नाही, आणि बर्फ ओढणाऱ्याला कोणी नाव विचारत नाही. मी गेले तेव्हा तो आकड्याने लाद्या ओढत होता. पंचावन्न वर्षांचा, वाळलेला, पाठ ताठ.

"ओळखलं तुम्हाला," तो म्हणाला. "तुम्ही खिडकीकडच्या खुर्चीवर बसला होतात. हिरवी फाईल होती तुमच्यासमोर."

मी कामाचंच विचारलं. "काल तुमची बहीण कुठे होती?"

"ताई दिवसभर माझ्याकडे होती. मला सुट्टी होती. दुपारी जेवलो सोबत."

"बाराला?"

"बारा, साडेबारा."

बाराला प्रमुखांनी मिस्त्रींच्या घरी फोन केला होता आणि तो वहिनीने उचलला होता. याला ते माहीत नव्हतं. तो बहिणीसाठी खोटं बोलत होता, आणि त्याला ते जमत नव्हतं. मी ते त्याला सांगितलं नाही.

"डोलकाठ्यांचं काय होतं?" मी विचारलं.

त्याने आकडा भिंतीला लावून ठेवला. "आता विचारताय."

"हो. आता."

"तेव्हा मी सांगितलं होतं. तुम्ही लिहूनही घेतलं होतंत, मी तुमचा हात बघत होतो. मग तो मधला म्हातारा म्हणाला, साक्षीदार घाबरलेला आहे, असंबद्ध बोलतोय. आणि तुम्ही ते खोडलंत."

मला ते आठवत नव्हतं. पुढच्या वाक्याला आठवलं.

"बावन्न पायऱ्या," तो म्हणाला. "दुरुस्तीआधी मोठ्या डोलकाठीच्या दोरशिडीला चाळीस पायऱ्या होत्या. मी दोन वर्षं रोज चढायचो, झोपेतही मोजता येतील. दुरुस्तीनंतर बावन्न झाल्या. पायरी सव्वा फुटाची. करा हिशेब."

बारा पायऱ्या, पंधरा फूट. कोणीतरी त्या जहाजावर पंधरा फूट जास्त उंचीच्या डोलकाठ्या बसवल्या होत्या. उंच आणि म्हणून जाड, जड. जहाज डोक्याने जड झालं होतं. अशा जहाजाला तिरका झोत बसला तर सुकाणूवर देव जरी उभा असता तरी ते सावरलं नसतं.

"पुरावा आहे?"

तो मला आपल्या खोलीवर घेऊन गेला. लोखंडी पेटीतून त्याने एक फोटो काढला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. निघायच्या दिवशी धक्क्यावरून काढलेला. अकरा पोरं दोरशिडीवर एकाखाली एक उभी, एक हात सोडून हसत होती. सर्वांत वरच्याचं वय सतरा होतं.

मी भिंग लावून खालून मोजायला सुरुवात केली. पोरांच्या पायांमागे काही पायऱ्या झाकल्या होत्या, तिथे पावलांवरून मोजल्या. दोनदा मोजल्या. बावन्न.

"हा फोटो तेव्हा का नाही दाखवलात?"

"तेव्हा नव्हता. फोटोवाल्याच्या बायकोने दिला, पंधरा वर्षांनी. कोणाला दाखवायचा होता? तुम्हाला?"

मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले, कारण मला आणखी एक गोष्ट आठवली होती. चौकशीत कारखान्याच्या वतीने एका सुताराची साक्ष झाली होती. डोलकाठ्या त्याने स्वतः उभ्या केल्या होत्या. त्याला प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे दिलं होतं, कारण प्रश्न सोपा होता. मी विचारलं होतं, "डोलकाठ्या नकाशाप्रमाणेच होत्या ना?"

ना. आयुष्यभर मी इतरांना शिकवलं, साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालू नका.

तो सुतार खाली बघत "हो" म्हणाला होता. तो सुतार म्हणजे मिस्त्री.

५

मी परत गेले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. वहिनी दाराशी पायरीवर बसून टोमॅटोची रोपं बांधत होती. हातात मेण लावलेला काळा दोरा होता.

मी शेजारच्या पायरीवर बसले आणि सकाळी नीट न पाहिलेल्या कुंड्या नीट पाहिल्या. प्रत्येक रोपाला एकेक काठी. वर निमुळती होत गेलेली, तेल लावून घोटलेली, आणि टोकाशी आडवी शिडाची काठी अडकवायची खाच.

"मातीत लाकूड खराब होईल," मी म्हटलं.

"होऊ दे," वहिनी म्हणाली.

ती दचकली नाही. मला वाटतं ती सकाळपासून कोणीतरी विचारायची वाट बघत होती.

"काल तुम्ही घरीच होतात," मी म्हटलं. "बाराला फोन तुम्हीच उचललात. दहाला सुरुवात केली असेल, तर तीनपर्यंत सगळ्या गाठी सुटल्या. दुसऱ्या कोणी कात्री चालवली असती. आपण आठ महिने बांधलेल्या दोरावर कात्री चालवायला हात होत नाही."

"दोर चांगला आहे," ती म्हणाली. "त्याची काय चूक?"

"तुम्हाला कधी कळलं?"

तिने रोपाची गाठ पुरी केली. "ह्यांनी मला सहा वर्षांपूर्वी सांगितलं, मी ते जहाज बांधतो. जसं होतं तसं. मी रडले हो तेव्हा. म्हटलं, तोंडाने नाही बोलला हा माणूस, पण हाताने बोलतोय. सगळं गाव बघेल. भावाला मी वाढवलाय, आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. तो सांगायचा, ताई, बावन्न. जो भेटेल त्याला सांगायचा. नंतर सांगणं सोडून दिलं त्याने." ती थांबली. "दोरशिडीचं माप ह्यांनी काढून दिलं. मी पायऱ्या बांधत गेले, मोजत गेले. चाळीसला शिडी संपली. मला वाटलं मीच चुकले. उसवली. पुन्हा बांधली. पुन्हा चाळीस."

"विचारलंत त्यांना?"

"विचारलं. म्हणाले, नकाशात तेवढ्याच आहेत. तरी मी बांधत राहिले, वाटलं, शेवटी तरी बदलतील."

दारात सावली पडली. मिस्त्री कधीपासून आत उभे होते मला माहीत नाही. त्यांची नजर कुंड्यांवर गेली, आणि त्यांचा चेहरा पडला.

"तू," ते बायकोला म्हणाले. "तू केलंस हे? माझी सहा वर्षं…"

वहिनी उठली. ठेंगणी बाई आहे, मिस्त्रींच्या खांद्यालाही लागत नाही. "तुमची सहा," ती म्हणाली. "त्याची एकतीस."

मी मध्ये पडले, कारण प्रश्न विचारायची पाळी माझी होती आणि यावेळी मला तो नीट विचारायचा होता. "मिस्त्री, त्या डोलकाठ्या किती उंच होत्या?"

गल्लीतून एक सायकल गेली.

"एकोणऐंशी फूट," ते म्हणाले. "नकाशात चौसष्ट. मोडीत निघालेल्या एका मोठ्या जहाजाच्या होत्या, आवारात पडून होत्या. मोठे मालक म्हणाले, ह्याच उभ्या करा. मी म्हटलं, कापून बसवू. ते म्हणाले, मालक कोण आहे, तू की मी? मी उभ्या केल्या. जहाज बुडाल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, डोलकाठ्या तू उभ्या केल्यास, पहिलं नाव तुझं येईल. महिन्याभरात फोरमन झालो."

"आणि माझा भाऊ?" वहिनी म्हणाली.

"तो जिवंत होता. मला वाटलं, जिवंत आहे, सावरेल."

वहिनीने हातातला दोरा खाली टाकला. ती ओरडली नाही. "तो माझ्या ताटात जेवायचा आणि तुम्ही समोर बसायचात. लोक त्याला बुडव्या म्हणायचे, आणि तुम्हीही म्हणायचात. आज सकाळीसुद्धा म्हणालात. निदान तुम्ही तरी म्हणायला नको होतं."

मिस्त्री पायरीवर बसले. "मला ते जहाज एकदा नीट बांधायचं होतं," ते म्हणाले. "जसं असायला हवं होतं तसं. ज्यात कोणी बुडलं नसतं. रोज रात्री झोपताना मी तेच जहाज बांधायचो. मॉडेल ते आहे. मी खोटं बोलायला नव्हतं बांधलं."

मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखी राग आला. इतक्या देखण्या हातांनी इतकी वर्षं केलं काय, तर जे घडलं ते पुसलं. आणि त्यावर दाखलाही घेऊ दिला. माझा राग त्यांच्यावर निम्मा होता. त्यांनी "हो" म्हटलं, पण "ना" मी लावलं होतं.

"कागद आणा," मी म्हटलं. "आत्ता. तुमच्या हाताने लिहा. खाली मी माझं लिहिते."

६

दोन पानं मिस्त्रींची झाली, एक माझं. मी लिहिलं की साक्ष मी ऐकली, नोंदवली आणि खोडली, आणि कारखान्याचा नकाशा सोडून काहीही पाहायला मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी ते कागद, फोटोच्या प्रतीसह, बंदर कार्यालयात देऊन पोच घेतली. तिथला अधिकारी माझ्याच हाताखाली तयार झालेला. त्याने वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाला, "बाई, ह्यात तुमचंही नाव जाईल."

"म्हणूनच पोच मागतेय."

उद्घाटन रद्द झालं. प्रमुख माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत, मग एक दिवस स्वतः येऊन दाखल्याची प्रत माझ्यासमोर फाडून गेले. मालकांनी वकिलाचं पत्र पाठवलं. ते मी वाचून ठेवून दिलं आहे. नवी चौकशी होईल, वेळ लागेल.

मी बर्फाच्या कारखान्यात जाऊन वहिनीच्या भावाला हे सगळं सांगितलं. वाटलं होतं त्याला बरं वाटेल. त्याने ऐकून घेतलं आणि हात पुसले.

"कागद तुमचे, तुमच्या कार्यालयात," तो म्हणाला. "मला कोणी कार्यालयात बुडव्या म्हणत नव्हतं. गल्लीत म्हणत होते. त्या पोरांच्या घरची माणसं रस्ता बदलायची मला बघून. एक आई रोज इथल्या फाटकाशी येऊन उभी राहायची, वर्षभर. काही बोलायची नाही, नुसती बघायची. त्यांना कोण सांगणार?"

"भाऊजी सांगतील," मागून वहिनी म्हणाली. ती माझ्याबरोबर आली होती. त्याला सांगताना ती नवऱ्याला त्याच्याच तोंडचं 'भाऊजी' म्हणाली, पण तिच्या आवाजात ते नातं उरलं नव्हतं.

बारापैकी पाच घरं अजून गावात होती. रविवारी सकाळी आम्ही चौघं निघालो. मिस्त्री इस्त्रीचा सदरा घालून आले होते. वहिनी भावाच्या बाजूने चालत होती, मिस्त्री पुढे, आणि मी कोणाच्याच बरोबर नाही.

पहिलं घर दोन मजली होतं, खाली शिंप्याचं दुकान, वर राहणं. जिन्याच्या वरच्या टोकाशी दार. ते उघडलं ते ऐंशीच्या घरातल्या एका बाईने. फोटोत सर्वांत वर उभ्या असलेल्या मुलाची आई. तिने आधी वहिनीच्या भावाला पाहिलं आणि दार धरलेला तिचा हात घट्ट झाला.

"काय पाहिजे?"

भाऊ जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा राहिला आणि मिस्त्रींकडे बघत राहिला.

मिस्त्रींनी सांगितलं. मान खाली, आवाज बारीक. डोलकाठ्या मी उभ्या केल्या. जास्त उंच होत्या. मला माहीत होतं. मी खोटी साक्ष दिली. ह्याचा काही दोष नव्हता.

बाईने सगळं ऐकलं. मग माझ्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही?"

"मी चौकशीत होते. मी नीट विचारलं नाही."

ती काही क्षण आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत राहिली. मला वाटलं आता ती दार लावेल, आणि लावलं असतं तर मी तिला दोष दिला नसता. पण तिने दार पुरतं उघडलं. आत खिडकीशी एक म्हातारा खुर्चीत बसला होता, पाठमोरा.

"ह्यांना ऐकू येत नाही," ती मिस्त्रींना म्हणाली. "तुम्ही आता बोललात ते ह्यांच्यापर्यंत गेलं नाही. पुन्हा सांगा. मोठ्याने."

मिस्त्री आत गेले, खुर्चीसमोर उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "डोलकाठ्या मी उभ्या केल्या."

म्हाताऱ्याने कानाला हात लावला.

"आणखी मोठ्याने," बाई म्हणाली, आणि जाऊन तिने रस्त्याकडची खिडकी उघडली.